नेटवर्क तोडणारं पाऊच: कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाचकांकडून सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे. केडगावच्या एका आईला दहावीतल्या मुलाचा फोन संध्याकाळी दोन तास गप्प करायचा आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारा तरुण विचारतो, गेटवर फोन जमा करण्याऐवजी पाऊचमध्ये घालून आत नेला तर चालेल का? दौंडहून रेल्वेने पुण्याला ये-जा करणाऱ्या एकाला वाटतं की पाऊचमुळे फोन चोरीला जाणार नाही. आणि शिरूरच्या एका आजोबांनी रेडिएशनच्या भीतीने पाऊच घेतलं, तर दोन दिवस त्यांना कुणाचाच फोन लागेना आणि मुलगा घाबरून पुण्याहून घरी आला.

या चौघांना हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. ऑनलाइन दुकानात मात्र सगळ्यांसमोर एकाच रंगाची काळी पिशवी येते. म्हणून आधीच सांगतो: बहुतेक घरांना या पाऊचची गरज नाही. काहींना ते खरोखर उपयोगी आहे. आणि आपल्या भागात काही वेळा अशा आहेत की तेव्हा ते वापरणं जिवावर बेतू शकतं.

आधी वस्तू ओळखा

एकमेकांत मिसळून विकल्या जाणाऱ्या या तीन वस्तू आहेत:

- सिग्नल ब्लॉकर पाऊच किंवा फॅरेडे बॅग. कापडात तांबं, निकेल किंवा चांदीचे धागे विणलेले असतात. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूचा पिंजरा करून दाखवला होता, तेच तत्त्व इथे आहे. आत ठेवलेल्या फोनपर्यंत लहरी पोचत नाहीत आणि फोनच्या लहरी बाहेर येत नाहीत.
- कुलूपबंद पाऊच. परदेशातल्या शाळांत आणि गाण्यांच्या कार्यक्रमांत वापरतात ते हे. चुंबकाचं कुलूप असतं, फोन आत अडकतो, पण नेटवर्क सहसा चालूच राहतं. रिंग वाजते, फक्त फोन हातात घेता येत नाही.
- 'अँटी रेडिएशन' कव्हर किंवा स्टिकर. हे घेऊ नका. कव्हरने सिग्नल थोडासा अडवला, तर फोन टॉवर गाठण्यासाठी उलट जास्त जोर लावतो. शरीरात किती ऊर्जा शोषली जावी याची भारतातली मर्यादा दर किलोला १.६ वॅट आहे आणि ती एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजतात. फोन त्या मर्यादेत बसवूनच विकावा लागतो. तरी काळजी वाटत असेल तर स्पीकर लावून बोला, रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलणं टाळा. याला एक रुपयाही लागत नाही.

पुढे जे सांगतो आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल.

आत गेल्यावर काय थांबतं, काय थांबत नाही

कॉल, मेसेज, इंटरनेट, वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस हे सगळं तुटतं. तुम्हाला फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हे उत्तर ऐकू येतं.

पण फोन आत जागाच असतो. गजर वाजतो. आधी चालू केलेलं रेकॉर्डिंग चालू राहतं. फोनमध्ये कुणी चोरून हेरगिरीचं ॲप टाकलेलं असेल तर तेही आत आवाज साठवू शकतं आणि पाऊच उघडताच सगळं पाठवून देतं. ओटीपी सांगून बसलात किंवा 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी ऐकून पैसे भरलेत, तर पाऊच काहीही वाचवू शकत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही. असा फोन आला तर तो कापा, आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवा.

बॅटरीचंही लक्षात ठेवा. पाऊचमधला फोन टॉवर शोधत राहतो आणि लवकर उतरतो. म्हणून आत ठेवण्याआधी एरोप्लेन मोड लावा. आत ठेवून चार्जिंग करू नका, फोन तापतो.

विश्वास ठेवण्याआधी तपासा

मी घरी करून पाहिलं ते सांगतो. पोळ्यांचा गोल स्टीलचा डबा घेतला, फोन आत ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. डब्यातून घुमणारा आवाज आला. एवढा जाड स्टीलचा डबा, पण झाकणाच्या कडेला जी बारीक फट राहते तिच्यातून लहरी आत गेल्या. मग डबा बांधताना वापरतो त्या फॉइलचे तीन थर फोनभोवती गुंडाळले आणि कडा दुमडून दाबल्या. फोन लागेना. तीच कड नखाने जरा उचलली, आणि थोड्या वेळात रिंग पुन्हा वाजली.

महागड्या पाऊचचंही असंच असतं. कापड कितीही चांगलं असो, तोंड नीट दुमडलं नाही तर पैसे वाया. तपासणी अशी करा:

1. फुल रेंज असेल तिथे जा. टॉवरजवळ, शिरूर किंवा दौंड शहरात. मळ्यात जिथे मुळातच रेंज जेमतेम असते, तिथे टाकाऊ पाऊचसुद्धा पास होतं.
2. या तपासणीपुरता एरोप्लेन मोड लावू नका. फोन आत ठेवा, तोंड दोनदा दुमडा, दोन मिनिटं थांबा.
3. दुसऱ्या फोनवरून साधा कॉल करा. मग व्हॉट्सॲप कॉल करा. पडद्यावर 'रिंगिंग' आलं तर समजा, पाऊच गळतं आहे.
4. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून फोन पाऊचमध्ये घाला. गाणं बंद पडायला हवं. स्पीकर हातभर अंतरावर असताना हे जमलं तर पाऊच चांगलं.
5. घरातल्या वायफायच्या राउटरशेजारी हेच पुन्हा करा.

जाहिरातीत डेसिबलचा आकडा असतो. ६० डेसिबल म्हणजे सिग्नल दहा लाखांपैकी एका भागावर आणणं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण टॉवरच्या जवळ फोन तेवढ्या उरलेल्या सिग्नलवरही कधीकधी तग धरतो. म्हणून आकड्यापेक्षा वरची तपासणी खरी धरा. घडीवर घडी पडून आतले धागे तुटतात, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पाऊच धुऊ नका.

इथे मुळीच वापरू नका

हा भाग कृपा करून घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

रात्री शेतात. शेतीपंपाची वीज रात्रीची आली की उसाला पाणी द्यायला माणूस अंधारातच बाहेर पडतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड आणि जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांतली दोन लहान मुलं होती. अशा शिवारात फोन चालू, चार्ज केलेला आणि पटकन हाताशी येईल असाच हवा. वन विभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही क्रमांक घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असू द्या. तुमच्या कंपनीची रेंज नसेल, पण दुसऱ्या कंपनीची असेल, तरी ११२ लागू शकतो. पाऊचमध्ये मात्र कुठल्याच कंपनीची रेंज नसते.

पावसाळ्यात नदीकाठी. घोड आणि भीमेच्या काठावर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की पहिली धावपळ नदीवरच्या मोटारी वर काढायची असते. हा निरोप आता फोनवर येतो: तलाठी, ग्रामपंचायतीचा ग्रुप, भाऊबंदांचा कॉल. मुळा-मुठा भीमेला मिळते त्या रांजणगाव सांडसच्या खालच्या गावांना तर दोन नद्यांचं पाणी एकदम सोसावं लागतं. सरकारकडून थेट फोनवर मोठ्या आवाजात येणारे आपत्तीचे इशारेही पाऊचमध्ये पोचत नाहीत.

मोबाईल स्टार्टर असेल तर. विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डवाला स्टार्टर बसवला असेल, तर फेज गेली, मोटार कोरडी चालते आहे, केबल चोरीला गेली, हे सगळं तुमच्या फोनवर येतं. फोन संपर्कात नसेल तर सकाळी जळलेली मोटारच दिसेल.

घरात आजारी माणूस असेल तर. साखर मोजणारा सेन्सर ब्लूटूथने फोनशी बोलत असेल, तर पाऊचमध्ये साखर उतरल्याचा इशारा वाजणार नाही. दिवस भरत आलेली सून, हृदयविकाराचे आजोबा घरात असतील, तर किमान एक फोन कायम उघडा ठेवा.

अभ्यासाच्या वेळेसाठी

पाऊच घेण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवा. १५ ऑगस्ट २०२२ च्या सुमारास या गावाने ठरवलं, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद होतील, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलं अभ्यास करतील. त्यासाठी कुणी पिशव्या वाटल्या नाहीत. भोंगा वाजल्यावर सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर गेले. आणि मोठ्या माणसांनीही आपला टीव्ही बंद केला, म्हणून ते टिकलं.

तुमच्या घरात हे करायचं तर राउटर बंद करा, सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवा, तुमचाही. एक साधा बटणांचा फोन चालू ठेवा आणि नातेवाइकांना सांगून ठेवा की सात ते साडेआठ त्याच नंबरवर फोन करा. मुलाचाच फोन पाऊचमध्ये आणि वडील शेजारी बसून रील बघताहेत, असं चार दिवसांहून जास्त चालत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मूल एकटं क्लासला जात-येत असेल, तर त्या वेळी त्याचा फोन पाऊचमध्ये ठेवायला सांगू नका.

कारखान्याचं गेट, परीक्षा, मतदान केंद्र

तिन्हीकडे उत्तर एकच: पाऊचमधला फोन हाही फोनच. 'नेटवर्क बंद होतं' ही सबब चालत नाही.

- कारखाना: नियम बहुधा कॅमेऱ्यासाठी असतो, आणि पाऊच कधीही उघडता येतं. गेटवर जमा करा, टोकन किंवा पावती घ्या, फोन आधी बंद करून लॉक लावा. शिफ्टमध्ये घरच्यांना तातडीचा निरोप द्यायचा तर कोणत्या लँडलाइनवर द्यायचा, हे सुपरवायझरकडून लिहून घ्या. फोन जमा करणं वेगळं आणि फोन उघडून आतलं दाखवणं वेगळं. दुसरी मागणी झाली तर लेखी कारण मागा.
- परीक्षा: पोलीस भरती असो की नीट, फोन केंद्राबाहेरच ठेवा. सोबत आलेल्या माणसाकडे द्या.
- मतदान: केंद्रापासून १०० मीटरच्या आत फोन वापरायला मनाई आहे. केंद्राबाहेर फोन जमा करायची सोय असावी असे निर्देश निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये दिले. ती सोय आहे का ते आधी पाहा.

ज्यांना खरंच उपयोग आहे

बिनचावीच्या गाडीचे मालक. दाराजवळ गेल्यावर आपोआप उघडणाऱ्या गाडीच्या चावीचा सिग्नल घराबाहेरून पकडून, वाढवून, गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडी पळवतात. रात्री दोन्ही चाव्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा. तपासणी सोपी आहे: पाऊच हातात धरून गाडीला खेटून उभे राहा, दार उघडता कामा नये.

ज्यांच्यावर कुणी पाळत ठेवतं आहे. नवरा किंवा सासरचं कुणी फोनवरून ठावठिकाणा काढतं आहे असा संशय असलेल्या बहिणींना हे विशेष सांगतो. पाऊच फक्त फोन आत असेपर्यंत तुमचा माग तोडतं. एकदम फोन 'गायब' झाला तर समोरच्याला संशय येतो, आणि पाऊच उघडलं त्या जागेचा पत्ता लगेच कळतो. म्हणून माहेरी किंवा आसऱ्याला पोचल्यावर ते उघडू नका. निघण्याआधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनशी बोला, आणि धोका समोर असेल तर ११२.

पाऊच आणि फोनचोरी

पाऊच खिशातून फोन काढण्यापासून चोराला थांबवत नाही. उलट चोरानेच फोन अशा पिशवीत टाकला तर 'फाइंड माय फोन' आंधळं होतं. दौंड जंक्शनवर गाडी बदलताना फोन आतल्या खिशात ठेवा, आणि आयएमईआय क्रमांक आजच वहीत उतरवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. फोन गेला तर या क्रमाने चला:

1. दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, मग बँक आणि यूपीआय.
2. पोलिसांत तक्रार द्या. धावत्या गाडीत चोरी कुठल्या हद्दीत झाली हे तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.
3. चोरी झाली असेल तर कागदावर 'गहाळ' लिहू देऊ नका. सही करण्याआधी वाचा. नोंद नाकारली तर तक्रार पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण यांना टपालाने पाठवा. रेल्वेतली चोरी असेल तर लोहमार्ग पोलीस अधीक्षकांना. त्यानेही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
4. त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि संचार साथी पोर्टलवर तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय बंद करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. फोन पाऊचमध्ये महिनाभर राहिला तरी, ज्या दिवशी कुणी त्यात सिम घालून नेटवर्क शोधेल त्या दिवशी त्याला नेटवर्क मिळणार नाही.

पोलिसांनी फोन ताब्यात घेतला तर

तपासात पोलीस फोन सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत किंवा एरोप्लेन मोडवर ठेवतात, कारण लांबून कुणी आतला मजकूर पुसू शकतं. तुम्ही स्वतः मजकूर पुसायला जाऊ नका. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. तुमचे हक्क मात्र पुरेपूर मागा:

- १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५).
- पंचनाम्यात आयएमईआय, सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, पिशवीला सील केलं की नाही, हे लिहून घ्या. प्रत मागा.
- न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य असतं. मजकुरात नंतर एक अक्षर बदललं तरी हे मूल्य बदलतं. तुमच्या वकिलांना ते तपासायला सांगा.
- पासवर्ड देण्याच्या सक्तीबद्दल न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. आधी वकिलांशी बोला. तालुका विधी सेवा समिती किंवा १५१०० या क्रमांकावर मोफत मदतीची चौकशी करता येते.
- फोन वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये. परत मिळण्यासाठी शिरूर किंवा दौंडच्या न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो. जप्त वस्तू विनाकारण अडकवून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे.

जॅमर मागवू नका

'पाऊच नको, एक छोटं यंत्र लावतो, सगळ्या वर्गाचं नेटवर्क जाईल' असं एका क्लासचालकाने मला सांगितलं. पाऊच कुठलीही लहर सोडत नाही, म्हणून ते वापरायला बंदी नाही. जॅमर मात्र शेजारच्या घरातला रुग्णवाहिकेसाठीचा कॉलही तोडतो. सरकारच्या खास परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. मळ्यात रेंज यावी म्हणून खासगीरीत्या लावलेल्या बूस्टरलाही तीच बंदी आहे.

पाऊच गळकं निघालं तर

घरी आलेलं पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, वर दिलेली तपासणी त्याच दिवशी करा आणि वाजणाऱ्या रिंगचाही व्हिडिओ ठेवा. 'शंभर टक्के सिग्नल बंद' असं लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, नंतर तो मजकूर बदलतो. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण द्यायला हवं. दिलं नाही तर १९१५ वर नोंदवा. त्यापुढे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल तेवढं जपून ठेवा.